मायबाप मेयर आणि वर्गणीची कपात: मेम्फिसचा सफाई कामगार संप, १९६८

१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात पाऊस लागला होता. शहराच्या पूर्वेकडच्या गोऱ्या वस्तीतला कचरा भरून पालिकेची एक गाडी परतत होती. केबिनमध्ये सगळे मावत नव्हते, म्हणून एकोल कोल (वय ३६) आणि रॉबर्ट वॉकर (वय ३०) मागे शिरले, जिथे कचरा दाबला जातो त्या पिंपातच. रस्त्याकडेच्या एखाद्या घराच्या पडवीत उभं राहायची सोय नव्हती. काळे कामगार दारात थांबलेले दिसले की घरमालकांच्या तक्रारी जात आणि कामगारांना बोलणी बसत. गाडी जुनी होती. तिच्या दाबयंत्राबद्दल आधीही तक्रारी झाल्या होत्या. ते अचानक आपोआप सुरू झालं आणि ड्रायव्हर गाडी थांबवून ते बंद करेपर्यंत दोघंही आत ओढले गेले होते.

त्याच दिवशी, त्याच शहरात एल्विस प्रेस्लीला मुलगी झाली. मेम्फिसच्या दृष्टीने त्या दिवसाची मोठी बातमी ती होती.

कोल आणि वॉकर हे रोजंदारीवर, तासाच्या हिशेबाने काम करणारे. कामावर मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला कायद्याने मिळणारी भरपाई त्यांना लागू नव्हती. पालिकेने प्रत्येक घरी एक महिन्याचा पगार आणि दफनासाठी ५०० डॉलर दिले. वॉकरची बायको गरोदर होती. अकरा दिवसांनी, सोमवार १२ फेब्रुवारीला, सुमारे १,३०० कामगार कामावर आले नाहीत.

हे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं ते त्याच्या शेवटामुळे. मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसमध्ये गोळी लागली, आणि ते तिथे गेले होते ते याच संपासाठी. पण किंग यायच्या आधी महिनाभर हा संप अडून बसला होता, आणि तोही अशा एका मुद्द्यावर की हिशेबनीस ऐकून हसेल. युनियनची वर्गणी पगारातून कापून द्यायची की नाही? आपल्या कारखान्यांतल्या युनियनवाल्यांच्या भाषेत, ‘चेक-ऑफ’. माझ्या मते हे प्रकरण कळायचं तर सुरुवात तिथून करावी. गोळीपासून केली तर मधलं सगळं झाकोळून जातं.

कामाचं स्वरूप

तेव्हा मेम्फिसमध्ये लोक कचऱ्याचा डबा रस्त्यावर आणून ठेवत नसत. कामगार परसात जायचा, डबे आपल्या मोठ्या टबात रिकामे करायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत यायचा. टब गंजलेले, भोकं पडलेले. आतलं पाणी मानेवरून, पाठीवरून ओघळायचं. घरी गेल्यावर दारातच कपडे उतरवावे लागत, कारण त्यांत अळ्या असत, हे किती तरी कामगारांनी पुढे सांगितलं आहे. गणवेश नाही, अंघोळीची सोय नाही. पगार ताशी १ डॉलर ६० सेंटच्या जरासा वर, आणि १ डॉलर ६० सेंट हे त्या वर्षीचं देशातलं किमान वेतनच होतं. पूर्ण वेळ नोकरी करूनही अनेकांना सरकारी मदतीवर घर चालवावं लागे.

गाडीवर काम करणारे जवळपास सगळे काळे आणि मुकादम गोरे. संपाच्या दोन आठवडे आधी, पावसामुळे काम थांबलं म्हणून गटार विभागातल्या वीस-बावीस काळ्या कामगारांना दोन तासांचा पगार देऊन घरी पाठवलं गेलं. त्याच पावसात गोऱ्या मुकादमांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. कोल आणि वॉकर गेले ते या अपमानाला दोन दिवस होतात न होतात तोच.

मुकादम या बाप्यांना ‘बॉय’ म्हणून हाक मारत. ज्याला हाक मारली त्याचं वय साठ असलं तरी तो ‘बॉय’च. याचा अर्थ समजवायला मराठी माणसाला फार लांब जायला नको. आपल्याकडे ‘हॉटेलातला पोऱ्या’ पन्नाशीचाही असतो, आणि ‘गडी’ हा शब्द तर आपण दोन्ही अर्थांनी वापरतो: पैलवानाचं कौतुक करतानाही आणि घरगड्याला हाक मारतानाही.

टी. ओ. जोन्स आणि हेन्री लोब

थॉमस ऑलिव्हर जोन्स हा याच खात्यातला कामगार. १९६३ साली युनियन बांधतो म्हणून त्याला आणि आणखी ३२ जणांना एकदम काढून टाकलं. पुढच्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाने त्याच्या युनियनला मान्यता दिली तेव्हा तिचा क्रमांक पडला १७३३. शेवटचे ३३ म्हणजे काढलेले ते तेहेतीस. मात्र मान्यता महासंघाची होती, पालिकेची नव्हती. १९६६ साली संपाचा एक प्रयत्न कोर्टाच्या मनाईहुकुमाने बारगळला. जोन्स दारोदार फिरून वर्गणी गोळा करायचा आणि देणारे मोजकेच असायचे. देणारा कोण हे मुकादमाला कळलं तर काय, ही भीती होतीच.

१९६८च्या संपाची वेळ तर चळवळीतल्या जाणत्यांनी कपाळावर हात मारावा अशी होती. कचरेवाल्यांनी संप करायचा तो उन्हाळ्यात, शहर नाक दाबून शरण येतं तेव्हा. फेब्रुवारीच्या थंडीत कचरा सडतही नाही. त्यातून नुकताच न्यूयॉर्कचा नऊ दिवसांचा सफाई संप गाजून संपला होता आणि दक्षिणेतल्या शहरांना ‘आपल्याकडे हे चालायचं नाही’ म्हणायला आयतं निमित्त मिळालं होतं. महासंघाच्या मुख्यालयाला या संपाचा पत्ताच नव्हता. पण ठरवून, तारीख बघून केलेला हा संप नव्हताच. लोक घरी बसले आणि मग नेते धावत आले.

समोर होता हेन्री लोब. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याने मेयरची खुर्ची घेतली होती. इथे एक खुलासा: आपला महापौर बराचसा शोभेचा असतो, कारभार आयुक्त चालवतो. मेम्फिसचा मेयर म्हणजे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत. शिवाय लोबने पन्नाशीच्या दशकात याच सार्वजनिक बांधकाम आणि सफाई खात्याचा कारभार पाहिला होता. कामगारांना तो ‘माझी माणसं’ म्हणायचा. त्याच्या दालनाचं दार उघडं असायचं आणि कुणीही काळा-गोरा नागरिक जाऊन गाऱ्हाणं मांडू शकायचा, याचा त्याला अभिमान होता.

मेख इथेच आहे. लोबला कामगारांनी एकेकट्याने यायला हवं होतं. टोपी हातात घेऊन आलेल्याचं काम तो करेलही, पण टेबलापलीकडे कागद घेऊन बसलेल्या युनियनशी बोलणार नाही. आपल्या गावाकडच्या बोलीत याला ‘मायबाप’ म्हणतात, आणि मायबापाचा राग सर्वांत जास्त येतो तो लेकरू वकील घेऊन आलं की. सरकारी नोकरांचा संप टेनेसीत बेकायदा आहे, आधी कामावर या, मग बोलू, हे त्याचं पालुपद. पगारवाढीवर तो थोडंफार सरकला असता असं त्या वेळच्या बोलण्यांवरून वाटतं. लेखी मान्यता आणि चेक-ऑफ या दोन गोष्टींवर मात्र शेवटपर्यंत नाही.

का? कारण वर्गणी पगारातून कापली की युनियन हा जोन्सच्या पायपिटीवर जगणारा फुटकळ जमाव राहत नाही, ती पालिकेच्याच वहीत नोंदलेली कायमची गोष्ट होते. लोबला हे नीट कळलं होतं. कामगारांनाही कळलं होतं. बाहेरच्या बऱ्याच जणांना कळलं नाही, आणि ‘दोन पैशांच्या कपातीसाठी शहर वेठीला’ असा सूर वर्तमानपत्रांनी लावला. महासंघाचा माणूस पी. जे. चिआम्पा मेयरशी सगळ्यांदेखत कडाडून भांडला, तर दुसऱ्या दिवसापासून गाड्यांवर ‘चिआम्पा, घरी जा’ असे स्टिकर फिरू लागले. लोबने बदली कामगार भरले आणि पोलिसांच्या संरक्षणात काही गाड्या बाहेर काढल्या. गोऱ्या मेम्फिसमध्ये तो हिरो होता.

मेन स्ट्रीटवरचा फवारा

पहिले दहा-अकरा दिवस हा कामगारांचा लढा होता. काळ्या मेम्फिसचा झाला तो २३ फेब्रुवारीला. त्या दिवशी नगरपरिषदेने संपकऱ्यांच्या मागण्यांना बगल दिली. सभागृहातून उठलेले कामगार आणि पाद्री मेन स्ट्रीटवरून मोर्चाने निघाले. पोलिसांच्या गाड्या मोर्चाला कडेने रेटत होत्या. एका बाईच्या पायावर चाक गेल्याची बोंब उठली, लोकांनी ती गाडी हलवायला सुरुवात केली आणि पोलिसांनी मेस हे डोळे जाळणारं रसायन फवारलं. कामगार कोण, पाद्री कोण, बघे कोण, असा भेद त्यांनी केला नाही.

राल्फ जॅक्सन हे अशा भानगडींपासून चार हात लांब राहणारे प्रतिष्ठित पाद्री होते. त्यांच्याही तोंडावर तो फवारा बसला. आपल्या पांढऱ्या कॉलरला पोलीस मान देतात हा त्यांचा समज त्या दुपारी धुऊन निघाला, आणि तिथून पुढे ते संपाचे सर्वांत कडवे वक्ते झाले. शिकलेला, सुस्थितीतला काळा मध्यमवर्ग तोवर कचरेवाल्यांशी जरा अंतर राखूनच होता. लोबच्या पोलिसांनी ते अंतर एका दुपारात मिटवलं. जोन्सला ते पाच वर्षांत जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनी समिती केली आणि तिचं डावपेचांचं काम दिलं जेम्स लॉसन यांच्याकडे. मराठी वाचकाने या नावाशी थोडं थांबावं. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तरुणपणी तुरुंगात गेलेले लॉसन १९५३ साली मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं राहिले. शिकवायचे, पोरांना खेळ शिकवायचे आणि गांधींचा अहिंसक लढा प्रत्यक्ष चालवलेल्या माणसांना भेटून तो समजून घ्यायचे. माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली ती नागपुरातच, तिथल्या वर्तमानपत्रात. १९५६ साली ते मायदेशी परतले, म्हणजे दीक्षाभूमीवर इतिहास घडला त्याच वर्षी. पुढे नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यांत एकाने शिव्या द्यायच्या, सिगारेट विझवायचा आव आणायचा आणि दुसऱ्याने हात न उचलता बसून राहायचं, असा रीतसर सराव चाले. १९६०च्या धरण्यांपायी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनना काढून टाकलं. १९६२पासून ते मेम्फिसच्या एका चर्चचे पाद्री होते.

लॉसननी संपाचं गणित बदललं. कचरा सडत नसेल तर दुकानं ओस पाडा. शहराच्या मध्यातल्या बाजारपेठेवर बहिष्कार, ईस्टरला नवे कपडे घ्यायचे नाहीत, आणि संपाच्या विरोधात लिहिणारी दोन्ही वर्तमानपत्रं बंद. क्लेबोर्न टेम्पल या चर्चपासून सिटी हॉलपर्यंत रोज मोर्चा. रात्री चर्चमध्ये सभा, झोळी फिरवून जमलेल्या पैशांतून संपकऱ्यांचं भाडं आणि किराणा. या व्यवस्थेत बायकांचा वाटा मोठा होता, तरी फोटोंत त्या फारशा दिसत नाहीत. सभांमधलं लॉसन यांचं सांगणं साधारण असं असे: वंशभेदाच्या मुळाशी एकच कल्पना आहे, समोरचा माणूस हा माणूस नाही.

चार शब्दांची पाटी

यातूनच ती पाटी आली, ‘आय ॲम अ मॅन’. महासंघाचे विल्यम लुसी आणि क्लेबोर्न टेम्पलचे गोरे पाद्री माल्कम ब्लॅकबर्न यांना तिचं श्रेय दिलं जातं. चर्चमधल्या जुन्या छापखान्यावर, पांढऱ्या कार्डांवर काळी ठसठशीत अक्षरं, आणि ‘ॲम’खाली रेघ.

आपण याचं भाषांतर ‘मी माणूस आहे’ असं करतो. ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. ‘माणूस’मध्ये मानवपण येतं, ‘बॉय’ला दिलेलं उत्तर येत नाही. मूळ इंग्रजीत ‘मी पोऱ्या नाही, बाप्या आहे’ हाही अर्थ उभा आहे, आणि मेन स्ट्रीटवरच्या गोऱ्या बघ्याला तो आधी ऐकू येत असणार. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पदकावर गुडघे टेकलेला गुलाम होता आणि त्याच्या तोंडी प्रश्न होता: मी माणूस नाही का, भाऊ नाही का? मेम्फिसच्या पाटीवर प्रश्नचिन्ह नाही. ‘ॲम’खालची रेघ काय बोलते हे मराठीत आणायचं तर ‘आहे’ वर जोर द्यावा लागतो: मी माणूस *आहे*.

या पाट्यांचा जगभर गेलेला फोटो अर्नेस्ट विदर्स या काळ्या छायाचित्रकाराचा. तो एफबीआयचा खबरी होता हे त्याच्या मृत्यूनंतर, २०१० साली उघड झालं. चळवळीला चेहरा देणारा माणूस चळवळीच्या बातम्या पोचवतही होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला तरी त्यांची बेरीज करता येत नाही.

मार्च आणि एप्रिल

१८ मार्चला किंग मेसन टेम्पलच्या प्रचंड सभेत बोलले आणि गर्दी पाहून त्यांनी सांगितलं की मी मोर्चासाठी परत येतो. २२ मार्चची तारीख ठरली तर त्या दिवशी वसंतात न पडणारा फूटभराहून जास्त बर्फ पडला. मोर्चा निघाला २८ मार्चला, आणि बिघडला. बील स्ट्रीटवर काही पोरांनी पाट्यांच्याच काठ्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या. लॉसननी कर्ण्यावरून मोर्चा मागे वळवला, पण पोलिसांचा अश्रुधूर क्लेबोर्न टेम्पलपर्यंत पोचला. लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. नॅशनल गार्ड या राखीव दलाचे सुमारे ४,००० सैनिक शहरात उतरले. दुसऱ्याच दिवशी कामगार पुन्हा निघाले. एका बाजूला संगिनी आणि रणगाडे, दुसऱ्या बाजूला एका रांगेत, गळ्यात ती पाटी अडकवलेले कचरेवाले.

आपला अहिंसक मोर्चा फसला हा डाग पुसायला किंग ३ एप्रिलला परत आले. ४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने लोरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी लागली. देशातली शंभरावर शहरं पेटली. लॉसन रेडिओवर जाऊन मेम्फिसला शांत राहायला सांगत होते.

८ एप्रिलला, किंग यांचा दफनविधी व्हायच्या आधी, कोरेटा किंग तीन मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि हजारोंच्या मूक मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. एवढं होऊनही लोब हलला नव्हता. अध्यक्ष जॉन्सननी कामगार खात्याचे उपमंत्री जेम्स रेनॉल्ड्स यांना मध्यस्थीला धाडलं, आणि मग आठवडाभर दोन्ही बाजूंच्या बैठका चालल्या.

तोडगा

मला या प्रकरणातलं सर्वांत बोलकं पान हेच वाटतं. चेक-ऑफ देणार नाही, हा लोबचा शब्द शेवटपर्यंत मोडला नाही. मोडायची गरजच पडली नाही, कारण वाट पतपेढीतून काढली गेली. कामगारांची स्वतंत्र पतपेढी होती. पालिका पगारातून पतपेढीचे पैसे कापेल आणि पतपेढी युनियनची वर्गणी युनियनला देईल. पैसा तोच, खिसा तोच, फक्त पालिकेच्या वहीत ‘युनियन’ हा शब्द नाही. ज्याने आपल्याकडे पगारदारांची पतपेढी चालवली आहे त्याला ही युक्ती नवी वाटणार नाही. ती फेब्रुवारीपासून चर्चेत होती. तेव्हाच मान्य झाली असती तर लॅरी पेन आणि किंग यांचं काय झालं असतं, हा प्रश्न मेम्फिसमध्ये आजही कुणी ना कुणी विचारतो.

पगारवाढ ठरली १५ सेंटची: १ मेपासून १० आणि १ सप्टेंबरपासून ५. युनियनला मान्यता, तक्रार निवारणाची रीत, बढतीत ज्येष्ठता आणि वंशावरून भेद न करण्याचं कलम. मग कळलं की चालू आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात वाढीला पैसाच नाही. तेव्हा एब प्लॉ या औषध कारखानदाराने आपलं नाव गुप्त ठेवून सुमारे ६०,००० डॉलर दिले. एवढ्याने भागलं. १६ एप्रिलला क्लेबोर्न टेम्पलमध्ये करार वाचून दाखवला गेला आणि कामगारांनी उभं राहून तो मंजूर केला. संपाचा हा ६५वा दिवस. टी. ओ. जोन्स रडत होता.

करारात एक गोष्ट निसटली, आणि ती कळायला वर्षं जावी लागली. कामगारांना पालिकेचं निवृत्तिवेतन मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला केंद्र सरकारची सामाजिक सुरक्षा आली, आणि ती तुटपुंजी होती. म्हणून बरेच जण थकले तरी काम करत राहिले. २०१७ साली, संपाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा, शहराने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. पहिल्या यादीत १४ नावं होती. त्यांतले काही अजूनही खात्यात होते आणि त्यांतला एक, वय ८५च्या घरात, अजून रात्रपाळीला कचऱ्याची गाडी चालवत होता.